पार्क सिटीत भाड्याचं घर घेऊन राहायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी दिवाळी झाली की आमच्या मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, स्कीइंगला जायचंय, मुलं लहान आहेत, आईबाबा भारतातून आलेत, कुठे जायचं आणि हॉटेल घ्यायचं की घर? मी दरवेळी तेच उत्तर टाइप करते, म्हणून यंदा सगळं एकदाच नीट लिहून काढलं. आम्ही डॅलसहून आतापर्यंत चारदा युटातल्या पार्क सिटीला गेलोय, दोनदा फक्त आम्ही चौघं आणि दोनदा सासूसासरे धरून, त्यामुळे जे लिहितेय ते करून बघितलेलं आहे.

आधी पार्क सिटीच का ते सांगते. सॉल्ट लेक सिटीच्या एअरपोर्टवरून जेमतेम ३५ मैल, हवा चांगली असेल तर ४० मिनिटांत तुम्ही घराच्या दारात. कोलोरॅडोला डेन्व्हरला उतरून दोन-तीन तास घाटातून जावं लागतं, आणि शनिवारी सकाळी तर त्याहून जास्त. उंचीसुद्धा कमी, पार्क सिटी साधारण ७,००० फुटांवर आहे, कोलोरॅडोतलं ब्रेकनरिज ९,६०० वर. लहान मुलं आणि सत्तरीतले आईबाबा बरोबर असतील तर हा फरक पहिल्याच रात्री कळतो. आणि तिसरं म्हणजे हे खरंखुरं जुनं गाव आहे, रिसॉर्टवाल्यांनी नव्याने बांधलेलं नाही. ज्याला स्की करायचं नाही त्यालाही दिवसभर काहीतरी असतं.

घर शोधायच्या आधी गाव समजून घ्या

हे वाचून कंटाळा करू नका, कारण तुमच्या घराच्या पायऱ्या, पार्किंग, खोल्यांचा आकार सगळं यावरच ठरतं.

पार्क सिटी हे चांदीच्या खाणींचं गाव. १८६० च्या दशकाच्या शेवटी इथे चांदी सापडली, जगभरातून खाणकामगार आले, आणि एका अरुंद दरीत जिथे जागा मिळेल तिथे त्यांनी लाकडी घरं ठोकली. प्लॉट पाडले ते २५ फूट रुंद आणि ७५ फूट लांब. गाड्यांचा प्रश्नच नव्हता, माणसं चालत खाणीवर जायची. १९ जून १८९८ ला मोठी आग लागली आणि साधारण २०० इमारती जळून गेल्या, लोकांनी पुन्हा गाव उभं केलं, आज मेन स्ट्रीटवर ज्या जुन्या इमारती दिसतात त्यातल्या बऱ्याचशा आगीनंतरच्या आहेत. मग चांदीचे भाव पडले, खाणी बंद होत गेल्या, १९५० च्या सुमाराला गाव ओस पडायला आलं होतं. तेव्हा खाण कंपनीनेच ठरवलं की डोंगर आपलाच आहे तर त्यावर स्कीइंग सुरू करू, आणि डिसेंबर १९६३ मध्ये ट्रेझर माउंटन नावाने रिसॉर्ट उघडलं, तेच आजचं पार्क सिटी माउंटन. सुरुवातीला तर लोकांना खाणीच्या रेल्वेत बसवून बोगद्यातून जवळजवळ ३ मैल आत न्यायचे आणि तिथून खाणीच्या लिफ्टने वर डोंगरावर काढायचे! मला ही गोष्ट इतकी आवडते की मुलांना दरवर्षी सांगते.

तर मुद्दा असा की जुन्या गावात घर घेतलं की ते खाणकामगाराच्या मापाचं घर असतं. आतून सगळं चकचकीत केलेलं असेल पण बाहेरचं रूप सहसा बदलता येत नाही, गावाचे त्याबाबतीतले नियम कडक आहेत, आणि ते चांगलंच आहे. म्हणजे जिने अरुंद, खोल्या लहान, शेजारचं घर हातभर अंतरावर, गाडीला जागा एक, कधी तीही नाही.

पायरी १: भाग ठरवा, घर नंतर

नवीन माणूस काय करतो तर साइटवर फोटो बघतो, हॉट टब दिसला, फायरप्लेस दिसली की बुक. आम्हीही पहिल्या वर्षी तेच केलं. लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं लिफ्टपर्यंत (म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या रोपवेपर्यंत) चालत ५ मिनिटं, आणि ते खोटं नव्हतं, पण रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत ६४ पायऱ्या होत्या, उघड्यावरच्या, त्यावर रात्री बर्फ गोठायचा. माझे सासरे ७१ वर्षांचे, गुडघे दुखणारे, ते पहिल्या दिवशी वर चढले ते दोन दिवस खाली उतरलेच नाहीत. खिडकीतून मेन स्ट्रीटचे दिवे बघत बसले बिचारे. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. ओल्ड टाउनमध्ये, म्हणजे जुन्या गावात, काही ठिकाणी रस्त्याऐवजी चक्क सार्वजनिक जिनेच आहेत, नकाशावर ते रस्त्यासारखेच दिसतात. म्हणून घराच्या फोटोंपेक्षा आधी हे विचारा की सकाळी जड बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन, मुलाचा हात धरून आपण कुठून कुठे चालणार आहोत.

ओल्ड टाउन म्हणजे मेन स्ट्रीट आणि आजूबाजूच्या चढाच्या गल्ल्या. इथला मोठा फायदा म्हणजे टाउन लिफ्ट, मेन स्ट्रीटच्या खालच्या टोकालाच खुर्चीवाली लिफ्ट आहे, गावातून थेट डोंगरावर. संध्याकाळी स्की करत खाली आलात की शेवटी पुलावरून पार्क अॅव्हेन्यू ओलांडून गावातच उतरता. ज्याला थोडं स्की येतं आणि संध्याकाळी चालत फिरायला, खायला बाहेर पडायचं आहे त्याने इथेच राहावं. पण एक लक्षात घ्या, ही लिफ्ट खालच्या उंचीवरून निघते त्यामुळे सीझनच्या सुरुवातीला बर्फ पुरेसा नसेल तर ती उशिरा सुरू होते, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर तिच्या भरवशावर जास्त पैसे मोजू नका. आणि ज्याला अजिबात स्की येत नाही त्याच्यासाठी टाउन लिफ्ट पहिल्या दिवशी कामाची नाहीच, शिकवणीचे वर्ग रिसॉर्टच्या पायथ्याशी असतात, तिथे बसने जायचं.

ओल्ड टाउनमध्येच घर हवं असेल आणि पायऱ्या नको असतील तर पार्क अॅव्हेन्यूच्या खालच्या बाजूचा, सिटी पार्कच्या आसपासचा भाग बघा. तिथे जमीन सपाट आहे, घरं-अपार्टमेंट दोन्ही मिळतात, मेन स्ट्रीट आणि रिसॉर्ट दोन्हीकडे चालत किंवा बसने पटकन जाता येतं. आम्ही नंतर तिन्ही वेळा इथेच राहिलो.

कॅनियन्स व्हिलेज गावापासून काही मैल लांब आहे, नवीन बांधणीचा भाग, कॉन्डो भरपूर, दारातून स्की घालून निघता येईल अशी घरंही आहेत. २०१५ मध्ये हे आणि जुनं पार्क सिटी माउंटन गंडोलाने (बंद डब्यांच्या रोपवेने) जोडून एकच मोठं रिसॉर्ट झालं, ७,३०० एकरांचं, त्यामुळे तिकीट एकच. लहान मुलांसाठी इथली हाय मेडोची सपाट जागा छान आहे. फक्त संध्याकाळी जुन्या गावाचा फील येत नाही.

डिअर व्हॅली वेगळं रिसॉर्ट, वेगळं तिकीट, महाग, आणि तिथे स्नोबोर्ड चालत नाही, फक्त स्की. हे बुकिंगच्या आधी वाचा, एका ओळखीच्यांच्या कॉलेजातल्या मुलाला स्नोबोर्ड घेऊन गेल्यावर कळलं.

प्रॉस्पेक्टर, पार्क मेडोज आणि हायवेजवळचं किंबॉल जंक्शन इथे स्वस्त पडतं, बस आहे, मोठा ग्रुप असेल तर चालेल.

पायरी २: तारखा

सीझन साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. ख्रिसमस ते न्यू इयर, जानेवारीतला मार्टिन लूथर किंग वीकेंड आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, या तीन वेळी भाडं दुप्पट-अडीचपट दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मुलांची शाळा बुडवता येत असेल तर न्यू इयर संपल्यानंतरचा आठवडा किंवा जानेवारीचा शेवट घ्या. शाळा बुडवायची नसेल तर मार्च, स्प्रिंग ब्रेकची गर्दी असते पण दिवस मोठा असतो, ऊन असतं, आणि पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना कडाक्याच्या थंडीपेक्षा हे खूप बरं पडतं. रविवारी जाऊन गुरुवारी परत येणं हे शुक्रवार ते सोमवारपेक्षा स्वस्तही आणि शांतही.

जानेवारीच्या शेवटाला इतकी वर्षं सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमुळे गावात घर मिळणं अशक्य असायचं, आता तो फेस्टिव्हल २०२७ पासून कोलोरॅडोतल्या बोल्डरला जातोय, त्यामुळे जुन्या लेखांमध्ये जानेवारी टाळा असं लिहिलेलं असेल तर तेवढ्यावर जाऊ नका.

बऱ्याच घरांना सुट्टीच्या काळात किमान ४-५ रात्रींची अट असते. आम्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बुक करतो, तोपर्यंत चांगली सपाट जागेवरची घरं शिल्लक असतात.

पायरी ३: लिस्टिंग वाचायचं कसं

रात्रीचा दर बघून घर निवडू नका. क्लीनिंग फी, साइटची सर्व्हिस फी, टॅक्स हे सगळं धरून आकडा बघा. मे २०२५ पासून अमेरिकेत नियमच झालाय की सक्तीच्या फी धरूनच किंमत दाखवायची, तरी टॅक्स शेवटच्या पानावर जोडला जातो, आणि तो चांगलाच असतो. क्लीनिंग फी एकदाच लागते, म्हणून २ रात्रींसाठी घर महाग पडतं आणि ५ रात्रींसाठी परवडतं. २ रात्रींसाठी जायचं असेल तर सरळ हॉटेल घ्या.

गावात रात्रीच्या भाड्याने घर द्यायला मालकाला लायसन्स लागतं, काही सोसायट्यांमध्ये तर परवानगीच नाही. मालकाला सरळ विचारा लायसन्स आहे ना, नीट मालक लगेच उत्तर देतो. आणि साइटच्या बाहेर पैसे पाठवा, डिस्काउंट देतो असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा, कितीही गोड बोलत असला तरी.

मी मालकाला पाठवते तो मेसेज साधारण असा असतो, तुम्ही जसाच्या तसा वापरा: गाडी उभी राहते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या? त्या झाकलेल्या आहेत की उघड्या? बर्फ कोण काढतं, तुम्ही की आम्ही? खालच्या मजल्यावर बेडरूम आणि बाथरूम दोन्ही आहेत का? पार्किंग नक्की किती गाड्यांचं आणि मोठी एसयूव्ही मावते का? जवळचा बसस्टॉप किती अंतरावर? बूट आणि हातमोजे वाळवायची काय सोय? शेगडी गॅसची की इंडक्शनची? वॉशर-ड्रायर घरातच आहे का?

बघा, पार्किंगचा प्रश्न मुद्दाम आहे. ओल्ड टाउनच्या बऱ्याच गल्ल्यांमध्ये परमिटशिवाय गाडी लावता येत नाही, आणि बर्फ काढायच्या वेळी रस्त्यावर लावलेली गाडी उचलून नेतात. ‘झोपतात १०’ असं लिहिलेल्या घरात १० माणसं सोफाबेड धरून झोपतील, पण १० माणसांच्या ३ गाड्या कुठे लावणार?

वाळवायच्या सोयीचंही तसंच, रोज संध्याकाळी चार माणसांचे ओले बूट, जॅकेट, हातमोजे, मोजे घरात येतात, ते सकाळपर्यंत वाळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी मुलं दहा मिनिटांत रडायला लागतात. बूट ड्रायर असलेल्या घराला मी हॉट टबच्या वर मार्क देते.

‘स्की-इन स्की-आउट’ हे शब्द फार सैलपणे वापरतात. खरा अर्थ दारात स्की घालायची आणि दारातच काढायची. पण काही लिस्टिंगमध्ये रस्ता ओलांडून, पार्किंग लॉटमधून २०० यार्ड चालायचं असतं त्यालाही हेच म्हणतात. पत्ता आधी मिळत नाही, पण रिव्ह्यूमध्ये लोक लिहितात, हिवाळ्यातले रिव्ह्यू शोधून वाचा. जुलैमध्ये राहिलेल्या माणसाला पायऱ्यांचं काही वाटलेलं नसतं.

कॅन्सलेशनची पॉलिसी शांतपणे वाचा. बर्फ कमी पडला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. आईबाबांच्या तब्येतीमुळे बेत बदलू शकतो असं वाटत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन रिफंडेबल घर घ्या, नाहीतर ट्रॅव्हल इन्शुरन्स, आणि त्यात काय कव्हर आहे ते शब्दन् शब्द वाचून.

पायरी ४: पास, शिकवणी, सामान

इथे लोक घरावर शंभर डॉलर वाचवतात आणि तिकिटावर पाचशे घालवतात. पार्क सिटी माउंटनचं खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट गर्दीच्या दिवशी ३०० डॉलरच्या वर जातं, हो, एका माणसाचं एका दिवसाचं. तेच एपिक डे पास, म्हणजे ठरावीक दिवसांचा आगाऊ पास, आधी घेतला तर बराच स्वस्त पडतो, पण त्याची विक्री डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते आणि किमती उन्हाळ्यापासून वाढत जातात. म्हणजे घर बुक केलं की त्याच आठवड्यात पास घ्या. डिअर व्हॅलीला हा पास चालत नाही, तिथे आयकॉन पास.

पण थांबा, घरातल्या प्रत्येकाला पास लागतोच असं नाही. पहिल्यांदा शिकणाऱ्याने आधी ग्रुप लेसन बघावा, काही पॅकेजमध्ये शिकण्यापुरतं लिफ्टचं तिकीट धरलेलं असतं, फोन करून विचारा. मुलांना ३-४ वर्षांपासून घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, नवऱ्याने बायकोला किंवा आईने मुलाला शिकवायला जाऊ नका, पहिल्या दिवशी शिक्षकच हवा. तो मुलांना ‘पिझ्झा’ म्हणून स्कीची टोकं जवळ आणून थांबायला शिकवतो आणि ‘फ्रेंच फ्राइज’ म्हणून सरळ करायला, दुपारपर्यंत मुलं आपली आपण खाली येतात. लेसन सुट्टीच्या आठवड्यात लवकर संपतात, तेही आधी बुक करा.

उतारांचे रंग पाठ करून ठेवा: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा डायमंड अवघड, दोन काळे डायमंड आपल्यासाठी नाहीत. दोन दिवस शिकून झाल्यावर होम रन नावाचा हिरवा उतार करा, वरून पायथ्यापर्यंत साडेतीन मैल सलग, माझी मुलगी आठ वर्षांची असताना तो पूर्ण करून खाली आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

स्की, बूट, हेल्मेट भाड्याने घ्या, विकत अजिबात नको. घरी आणून देणाऱ्या सर्व्हिस आहेत, बूट घरातच घालून बघता येतात, लहान मुलं असतील तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. बुटात मोजा एकच घालायचा, पातळ, लांब, लोकरीचा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले की पाय आवळतो आणि उलट जास्त गार पडतो. जीन्स नको, कॉटनचे थर्मल नको, ओलं झालं की वाळत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन नक्की, बर्फावरून येणारं ऊन चेहरा भाजून काढतं, आपल्या रंगाला काही होत नाही असं समजू नका.

पायरी ५: गाडी की बस

पार्क सिटीतल्या बस फुकट आहेत. गावातल्या, रिसॉर्टला जाणाऱ्या, मेन स्ट्रीटवरची ट्रॉली, सगळ्या. उलट पार्क सिटी माउंटनच्या पायथ्याशी पार्किंगला पैसे पडतात आणि आधी बुकिंग करावं लागतं. म्हणून घर बसस्टॉपच्या जवळ असेल तर गाडी न घेता एअरपोर्टवरून शटल किंवा टॅक्सीने या, आम्ही शेवटच्या दोन्ही वेळा तसंच केलं, काही अडलं नाही. शटल बुक करताना मुलांच्या सीटचं सांगा, युटात ८ वर्षांखालच्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर कायद्यानेच लागतं.

गाडी घ्यायचीच असेल, म्हणजे दोन कुटुंबं आहेत, आजीआजोबांना इकडेतिकडे न्यायचंय, तर ऑल व्हील ड्राइव्ह घ्या आणि काउंटरवर टायर कुठले आहेत ते विचारा. एअरपोर्टवरून आय-८० ने पार्लीज कॅनियन चढून यायचं, हिमवादळात हा घाट खूप हळू चालतो, कधी थोडा वेळ बंदही करतात. टेक्सास-फ्लोरिडाहून येणाऱ्यांनी रात्रीची फ्लाइट घेऊन अंधारात पहिल्यांदा बर्फात गाडी चालवायचा हट्ट करू नये. दुपारी उतरेल अशी फ्लाइट घ्या. वाइन हवी असेल तर ती युटात फक्त सरकारी दुकानात मिळते आणि ती रविवारी बंद, आणि गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा बाकी राज्यांपेक्षा कमी आहे, ०.०५. तेव्हा चालवणाऱ्याने पिऊच नये.

पायरी ६: स्वयंपाकघर

घर घेण्याचं अर्धं कारण हेच ना! डोंगरावर एक साधा लंच चार जणांचा १०० डॉलरच्या आसपास सहज जातो, आणि चार दिवस बर्गर-फ्राइज खाऊन आईबाबांचे हाल होतात. गाडी असली की आम्ही सॉल्ट लेक सिटीतच किराणा भरून वर येतो, तिकडे इंडियन ग्रोसरी आहे, वर पार्क सिटीत दुकानं आहेत पण सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी लाइन मोठी आणि दूध-अंडी संपलेली. गाडी नसेल तर घरपोच ग्रोसरी मागवा.

कुकर घेऊन जा. ७,००० फुटांवर पाणी साधारण ९३ डिग्री सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजली तरी कणी राहते, बटाटेसुद्धा लवकर शिजत नाहीत. ३ लिटरचा छोटा कुकर चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मध्ये बसतो, एखाद-दोन शिट्ट्या जास्त करायच्या. मालकाने इंडक्शन सांगितलं असेल तर अॅल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा न्या. घरात सगळी भांडी असतात, लाटणं-पोळपाट नसतं, गोडा मसाला नसतो, मिसळणाचा डबा नसतो. मी छोट्या डब्यांत मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, गोडा मसाला आणि वेगळ्या पिशवीत मेतकूट नेते. थेपले आणि दशम्या करून फॉइलमध्ये गुंडाळून जॅकेटच्या खिशात टाकल्या की डोंगरावर लंचची काळजी नाही. रात्री दमून आल्यावर मुगाच्या खिचडीइतकं चांगलं काही नाही, वर तूप.

फोडणी करताना आधी चिमणी चालू करा आणि खिडकी फटीएवढी उघडा, या घरांचे स्मोक अलार्म फार संवेदनशील असतात. पांढऱ्या काउंटरवर हळद सांडली तर त्याच क्षणी पुसा, डाग राहिला तर डिपॉझिटमधून कापतात. वासाबद्दलही मालक तक्रार करू शकतो, म्हणून मासे मी तिकडे करत नाही, मनात आलं तरी.

पायरी ७: पहिली रात्र

पोचल्या दिवशी काहीही ठरवू नका. उंचीमुळे डोकं दुखणं, झोप न लागणं, भूक मरणं हे पहिल्या दिवशी होतं. पाणी भरपूर, चहा-कॉफी बेताने, दारू त्या रात्री नकोच. हवा इतकी कोरडी असते की मुलांच्या नाकातून रक्त येऊ शकतं, घाबरू नका, नाकाला आतून व्हॅसलीन लावा आणि ह्युमिडिफायर असेल तर लावा, नसेल तर बेडरूममध्ये ओला टॉवेल वाळत घाला. आईबाबांना बीपी, हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारूनच न्या, आणि जमलं तर पहिली रात्र सॉल्ट लेक सिटीत काढा, ती ४,२०० फुटांवर आहे, शरीराला मध्ये एक टप्पा मिळतो. विश्रांती घेऊनही डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, श्वास लागला तर सकाळची वाट बघू नका, गावात हॉस्पिटल आहे.

घरात शिरल्यावर दहा मिनिटं फिरून बघा: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे आहे, हीटर कसा चालतो, फायरप्लेसची कळ कुठली, बाहेर हीटरचा पाइप बर्फाने झाकला गेला नाहीये ना. छपराच्या कडेखाली मुलांना खेळू देऊ नका, वरून बर्फाचा अख्खा थर घसरून येतो. हॉट टबच्या वेळा लिहिलेल्या असतात त्या पाळा, शेजाऱ्याची बेडरूम दहा फुटांवर आहे आणि तिथे कदाचित गावातलंच कुणीतरी राहतंय ज्याला पहाटे कामावर जायचंय.

एक दिवस स्कीशिवाय ठेवा

चार दिवसांतला एक तरी, शक्यतो तिसरा, तेव्हा पाय भरून आलेले असतात. मेन स्ट्रीटवर पार्क सिटी म्युझियम आहे, तळघरात जुना तुरुंग आहे, तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. खाणीचं आतलं काम कसं चालायचं ते मॉडेलमध्ये दाखवलंय, माझे सासरे, जे आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सला होते, ते तिथे दीड तास रमले होते. वर चालत गेलात की इजिप्शियन थिएटर दिसेल, १९२६ चं. त्याच जागी आधी दुसरं थिएटर होतं, ते १९१६ मध्ये छपरावर बर्फ साचून कोसळलं, प्रेक्षक घरी गेल्यावर काही तासांनी, म्हणून माणसं वाचली. सिटी पार्कमधली मायनर्स हॉस्पिटलची इमारत १९०४ ची, खाणकामगारांनी आपल्या युनियनच्या बळावर उभी केलेली. ती मूळ जागेवरून उचलून इथे आणलीय.

गावाबाहेर युटा ऑलिंपिक पार्क आहे, २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधलं स्की जंपिंग आणि बॉबस्लेड इथे झालं, म्युझियम फुकट आहे, आणि २०३४ चं हिवाळी ऑलिंपिकही युटालाच मिळालंय. आजीआजोबांना आणि अगदी लहान मुलांना टायरवर बसून घसरायचं असेल तर मिडवे गावाजवळच्या सोल्जर हॉलोला ट्यूबिंग आहे, त्याला काही शिकावं लागत नाही, सासूबाई ६८ व्या वर्षी तीनदा बसल्या.

निघताना

चेकआउट सहसा सकाळी १० ला असतं आणि तेव्हा कुणी थांबू देत नाही कारण दुपारी पुढची माणसं येणार असतात. आदल्या रात्रीच स्की परत करा, बॅगा भरा, उरलेलं दूध-भाजी शेजारच्या घरात विचारून देऊन टाका. मालकाने चेकआउटची यादी लावलेली असते, त्यात चादरी कुठे टाकायच्या, डिशवॉशर चालू करायचा का, कचरा कुठल्या डब्यात हे असतं, ते केल्यावर प्रत्येक खोलीचा फोटो काढून ठेवा, नंतर काही वाद झाला तर उपयोगी पडतो. बर्फ पडत असेल तर एअरपोर्टसाठी नेहमीच्या ४० मिनिटांऐवजी दोन तास धरा. ड्रायरमध्ये मोजे राहतात, बूट ड्रायरवर मुलांचे हातमोजे राहतात, आणि कुकरची शिट्टी डिशवॉशरच्या वरच्या खणात राहते, ती आठवणीने काढून घ्या.